थंडीत डिझेल गाडी लगेच का निघत नाही? गोष्ट आयुष्यभर उष्णतेच्या मागे लागलेल्या रुडॉल्फ डिझेलची

डिसेंबरातली पहाट. एसटी डेपोत पहिली गाडी लागलेली असते. ड्रायव्हर स्टार्टर मारतो, इंजिन दोन-चारदा खोकतं, मागून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि एकदाचं ते सुरू होतं. पण गाडी काही हलत नाही. आतले पाच-सहा प्रवासी कानाला मफलर गुंडाळून बसलेले, कंडक्टर खाली चहा पितोय आणि गाडी आपली जागेवर घरघरतेय.

हायवेच्या ढाब्यावर रात्री मुक्काम केलेल्या ट्रकचंही तेच. आधी इंजिन सुरू, मग तोंड धुणं, मग चहा, मग गाडी. पेट्रोलच्या गाडीला एवढे लाड लागत नाहीत. किल्ली फिरवली की निघाली.

मग डिझेललाच थंडीचं एवढं वावडं का?

याचं उत्तर इंजिनात आहे तसंच एका माणसाच्या आयुष्यातही आहे. आपण पंपावर जाऊन दिवसातून लाखो वेळा ज्याचं नाव घेतो, पण ते माणसाचं नाव आहे हे विसरूनच गेलोय, त्या रुडॉल्फ डिझेलच्या.

आधी इंजिनाचं थोडक्यात समजून घेऊ, म्हणजे पुढची गोष्ट सोपी जाईल. पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो. तो ठिणगी पाडतो आणि पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नाही. तिथे पिस्टन सिलिंडरमधली हवा इतकी दाबतो की ती नुसत्या दाबाने तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं, तोच प्रकार, फक्त फार मोठ्या प्रमाणात. हवा पाचशे अंशांच्या वर तापते, त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत येतो आणि आपोआप पेट घेतो.

म्हणजे डिझेल इंजिनाची काडीपेटी कोणती, तर गरम हवा. ही हवा तापली नाही तर खेळ संपला. थंडीत सिलिंडरचं लोखंड गार पडलेलं असतं आणि तापायला लागलेल्या हवेतली उष्णता तेच ओढून घेतं. फवारा आत येतो खरा, पण अर्धवट पेटतो. उरलेलं डिझेल न जळताच धुक्यासारखं बाहेर पडतं. एसटीच्या मागचा तो पांढरा धूर म्हणजे हे वाया गेलेलं डिझेल.

आता गंमत बघा. ज्या माणसाने हे इंजिन बनवलं, त्याची आयुष्यभराची तक्रार एकच होती, ती म्हणजे उष्णता वाया जाते.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील थिओडोर चामड्याच्या वस्तू बनवायचे आणि पोरगा तयार माल गिऱ्हाइकांकडे पोचवायला जायचा. घरात पैसा बेताचाच. पोराला नाद होता तो यंत्रांचा. पॅरिसमध्ये जुन्या यंत्रांचं एक मोठं संग्रहालय होतं. तिथे जाऊन तो तासन् तास यंत्रांची चित्रं काढत बसायचा.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं. पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब होतं नव्हतं ते सोडून लंडनला गेलं. तिथे सगळ्यांचं पोट भरणं अवघड झालं, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. घरमालक बार्निकेल तिथे गणित शिकवायचे. त्यांच्याकडे राहून पोरगं शिकलं आणि चौदाव्या वर्षीच त्याने आपण इंजिनिअर होणार हे ठरवून टाकलं.

पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापक मिळाले कार्ल फॉन लिंडे. आज आपल्या घरात फ्रिज आहे त्यामागे ज्यांचं काम आहे, त्यातलं हे मोठं नाव. लिंडेंच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट कळली आणि ती त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेली नाही. त्या काळी सगळा कारभार वाफेच्या इंजिनावर चालायचा. पण कोळसा जाळून जी उष्णता मिळते, तिच्यातला जेमतेम दहावा हिस्सा कामाला येतो, बऱ्याच इंजिनांत तेवढाही नाही. बाकी सगळी धुराड्यातून आणि वाफेतून हवेत. फ्रेंच शास्त्रज्ञ सादी कार्नो याने अर्धशतक आधीच कागदावर दाखवून दिलं होतं की यापेक्षा कितीतरी जास्त काम काढता येतं. मग कुणी काढत का नाही, हा रुडॉल्फचा प्रश्न.

परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला, वर्ष लांबलं. १८८० च्या सुरुवातीला त्याने परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला.

नोकरी कुठे लागली? तर बर्फाच्या कारखान्यात. लिंडेंच्या बर्फ बनवायच्या यंत्रांचं काम बघायला तो पॅरिसला गेला. पारदर्शक बर्फ बनवायच्या पद्धतीचं पेटंटही त्याने घेतलं. म्हणजे ज्याच्या इंजिनाला पुढे थंडी नको झाली, त्याने उमेदीची दहा वर्षं थंडी विकण्यातच काढली. १८८३ मध्ये त्याचं मार्थाशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली आणि १८९० मध्ये सगळे बर्लिनला आले. पण नोकरी सांभाळून डोक्यात चालू होतं ते इंजिनच.

कल्पना कुठून आली याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. आग्नेय आशियात बांबूच्या किंवा लाकडाच्या नळीत दट्ट्या जोरात दाबून विस्तव पेटवायची जुनी पद्धत होती. नळीच्या तळाशी थोडा कापूस किंवा भुसा ठेवायचा, दट्ट्या सटकन मारायचा, आतली हवा तापते आणि कापूस पेटतो. ना काडी, ना चकमक. असंच एक उपकरण रुडॉल्फने शिकताना पाहिलं होतं म्हणतात. किस्सा खरा असो वा नसो, त्याच्या इंजिनाचं तत्त्व हुबेहूब तेच आहे.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये ते मिळालं. त्याच वर्षी कल्पना मांडणारं पुस्तकही काढलं. तज्ज्ञांपैकी काहींनी पाठ थोपटली, काहींनी हे होणे नाही म्हणून सोडून दिलं. पण ऑग्सबर्गचा यंत्रांचा मोठा कारखाना आणि तोफा बनवणारी क्रुप कंपनी हे दोघे पैसा घालायला तयार झाले. ऑग्सबर्गचा हाच कारखाना पुढे मान कंपनी म्हणून ओळखला गेला, म्हणजे आजही ज्यांचे ट्रक रस्त्यावर दिसतात ती.

१० ऑगस्ट १८९३ ला पहिली चाचणी झाली. इंजिन स्वतःच्या ताकदीवर चालत नव्हतं, कारखान्याच्या पट्ट्याने फिरवलं जात होतं. आत हवा दाबली आणि फवारा सोडला. तो फवारा डिझेलचा नव्हता बरं का, पेट्रोलचा होता. आज ज्याला आपण डिझेल म्हणतो ते नाव तेव्हा जन्मायचं होतं. पेट्रोल पेटलं, आतला दाब एकदम चढला आणि दाब मोजायचं उपकरण फुटून उडालं. जवळ उभी असलेली माणसं थोडक्यात वाचली. दुसरा कुणी असता तर घाबरून घरी बसला असता. रुडॉल्फ खूश झाला, कारण त्याला जे सिद्ध करायचं होतं ते झालं होतं. ठिणगीशिवाय इंधन पेटलं होतं.

१७ फेब्रुवारी १८९४ ला सुधारलेलं इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जिवावर फिरलं. किती वेळ? साधारण एक मिनिट, ८८ फेरे.

तिथून खरं इंजिन व्हायला अजून तीन वर्षं गेली. कागदावर जे दाब मांडले होते ते कुठल्याच लोखंडाला पेलणारे नव्हते. ते कमी करावे लागले, इंधन आत सोडायची पद्धत पुन्हा पुन्हा बदलावी लागली. शेवटी फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर तपासणी केली. एक सिलिंडर, जवळपास २० हॉर्सपॉवर, माणसापेक्षा कितीतरी उंच. आकडा आला २६.२ टक्के. जाळलेल्या इंधनातला चौथा हिस्सा कामाला लागत होता. त्या काळात हे फार मोठं होतं. ते इंजिन आजही म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये ठेवलेलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडे या, कारण इथेच त्याचं अर्धं उत्तर आहे.

ज्या इंजिनात उष्णता कमी वाया जाते, ते तापायलाही वेळ घेतं. इंजिनाचं लोखंड आणि पाणी तापतं ते कशाने? वाया गेलेल्या उष्णतेनेच. त्यात डिझेल इंजिन जागेवर नुसतं चालू ठेवलं तर ते अगदी थोडं इंधन जाळतं आणि भरपूर हवा ओढतं, त्यामुळे अर्धा तास उभं ठेवलं तरी पुरतं गरम होत नाही. म्हणजे रुडॉल्फने ज्या गुणासाठी आयुष्य घालवलं, तोच गुण पहाटेच्या ड्रायव्हरला नडतो.

आणखी एक गंमत. त्याच काळात इंग्लंडमध्ये हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्ट याने रुडॉल्फच्या आधीच तेलावर चालणारं एक इंजिन बाजारात आणलं होतं. त्याच्या डोक्यावर लोखंडी फुगा असायचा. इंजिन सुरू करण्याआधी तो बाहेरून दिव्याच्या ज्योतीवर कितीतरी मिनिटं तापवावा लागायचा. तो लालबुंद झाला की मगच इंजिन धरायचं. खरा शोध कुणाचा यावरून दोघांच्या बाजूने पुढे भरपूर वाद झाले. पण रुडॉल्फच्या इंजिनाचा तोरा हाच होता की त्याला बाहेरून विस्तव दाखवावा लागत नाही. टाकीत भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेने ते फिरवायचं आणि गारठलेल्या अवस्थेतून सुरू करायचं.

हे खरंही होतं, पण एका अटीवर. ती इंजिनं अवजड, सावकाश चालणारी आणि कारखान्याच्या छताखाली उभी असायची. मोठ्या सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि तिच्या मानाने भोवतालची भिंत कमी, त्यामुळे उष्णता टिकते. सिलिंडर लहान केला की हवेच्या मानाने भिंत वाढते आणि उष्णता पटकन निसटते. पातेलंभर चहा गरम राहतो आणि बशीतला लगेच निवतो, तसंच. ट्रकचं इंजिन म्हणजे बशीतला चहा.

तर १८९७ नंतर रुडॉल्फ बघता बघता श्रीमंत झाला. अमेरिकेतले बिअरसम्राट अडॉल्फस बुश यांनी त्या देशातले हक्क दहा लाख मार्कांना घेतले. देशोदेशीच्या कंपन्यांनी पैसे मोजले. म्युनिकमध्ये त्याने आलिशान बंगला बांधला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या इंजिनाला सर्वोच्च बक्षीस मिळालं. त्याच प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आलं. आज बायोडिझेलच्या बातम्या येतात, तेव्हा हे आठवायला हरकत नाही.

पण वरून जे दिसत होतं ते आतून पोखरलेलं होतं.

सुरुवातीला विकलेली इंजिनं सारखी बंद पडायची. गिऱ्हाइकं परत करायची. पेटंटवरून खटले चालू झाले. कामाच्या ताणाने रुडॉल्फची तब्येत ढासळली आणि १८९८ मध्ये, म्हणजे यश हाती आल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, त्याला विश्रांतीसाठी सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. डोकेदुखीने तो आयुष्यभर हैराण होता. आलेला पैसा त्याने जमिनींत आणि तेलविहिरींत घातला. यंत्रात एक थेंब वाया जाऊ न देणारा हा माणूस व्यवहारात मात्र अगदीच कच्चा निघाला. गुंतवणुकी एकामागून एक बुडाल्या.

त्याला खरं तर छोटं इंजिन हवं होतं. वाफेचं इंजिन फक्त मोठ्या मालकाला परवडतं आणि त्यामुळे छोटा कारागीर मरतो, हे त्याने वडिलांच्या धंद्यात जवळून पाहिलं होतं. आपलं इंजिन सुताराच्या, विणकराच्या, छापखानेवाल्याच्या दुकानात बसावं ही त्याची इच्छा. १९०३ मध्ये त्याने कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे कारखाने चालवावेत अशा विचाराचं एक पुस्तकही लिहिलं. ते कुणी फारसं विकत घेतलं नाही. त्याचं इंजिन गेलं ते वीजघरांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत.

जहाजांवरून आठवलं, थंडीची पहिली मोठी परीक्षा याच इंजिनाने समुद्रात दिली. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन १९१० मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघाला, तेव्हा त्याच्या फ्राम जहाजातलं जुनं वाफेचं इंजिन काढून स्वीडनमध्ये बनलेलं डिझेल इंजिन बसवलं होतं. वाफेचा बॉयलर तापायला तास न् तास लागतात, इथे गरज पडली की थोड्या वेळात इंजिन चालू. बर्फात जहाज झटपट हलवायचं तर हे सोन्यासारखं. १९१२ मध्ये डेन्मार्कचं सेलांडिया हे मोठं डिझेल जहाज महासागरात उतरलं आणि जगाला कळलं की कोळशाचे दिवस भरत आलेत.

त्यानंतरच्या वर्षी रुडॉल्फ गेला. कसा, हे आजही कुणी खात्रीने सांगू शकत नाही.

२९ सप्टेंबर १९१३. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरातून ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर तो चढला. इंग्लंडला डिझेल इंजिनाच्या एका कंपनीच्या कामासाठी निघाला होता. सोबत दोन ओळखीची माणसं. रात्री तिघे एकत्र जेवले, डेकवर फिरले. दहाच्या सुमाराला तो आपल्या खोलीत गेला. सकाळी सव्वासहाला उठवा असा निरोप दिला होता.

सकाळी खोली रिकामी होती. पलंगावर कुणी झोपल्याची खूण नाही. रात्रीचे कपडे नीट काढून ठेवलेले. घड्याळ पलंगावरून दिसेल असं ठेवलेलं. टोपी आणि ओव्हरकोट मागच्या डेकच्या कठड्याजवळ घडी करून ठेवलेला सापडला.

दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला उत्तर समुद्रात एक मृतदेह दिसला. तो ओळखण्याच्या पलीकडे गेलेला होता. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा समुद्रात सोडला. गोळ्यांची डबी, पाकीट, चाकू, चष्म्याचं घर. धाकटा मुलगा ओयगेन याने वस्तू ओळखल्या. त्या वडिलांच्याच होत्या.

मग वावड्या उठल्या. पाणबुडीचं गुपित इंग्रजांना मिळू नये म्हणून जर्मनांनी मारलं. तेल कंपन्यांनी काटा काढला. पहिलं महायुद्ध जेमतेम दहा महिन्यांवर होतं, त्यामुळे अशा गोष्टींना गिऱ्हाईकही भरपूर मिळालं. पुरावा कशालाच नाही. घरच्या गोष्टी मात्र वेगळंच सांगत होत्या. निघण्याआधी त्याने मार्थाकडे एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नको असं सांगितलं होतं. उघडली तेव्हा आत रोख नोटा निघाल्या आणि बँकेतली खाती रिकामी झाल्याची कागदपत्रं. डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेपुढे फुली होती. कर्ज एवढं होतं की बंगल्याचा थाट नुसता दिखावा उरला होता. आत्महत्या हाच निष्कर्ष बहुतेक चरित्रकार काढतात आणि तोच पटतो.

तो ५५ वर्षांचा होता. ट्रकसाठी छोटं इंजिन करायचा त्यानेही प्रयत्न केला होता, पण रस्त्यावर धावणारे डिझेल ट्रक बघणं त्याच्या नशिबात नव्हतं. १९२३-२४ च्या सुमाराला बेंझ आणि मान यांनी ते रस्त्यावर आणले. १९२७ मध्ये बॉशचा इंधन पंप आला आणि मग डिझेल इंजिन खऱ्या अर्थाने गाडीत मावलं.

आणि तिथेच तो बशीतल्या चहाचा प्रश्न उभा राहिला. उपाय म्हणून अनेक इंजिनांत ग्लो प्लग आले. आपल्याकडचे मेकॅनिक त्याला हीटर प्लग म्हणतात. जुन्या डिझेल जीपमध्ये किल्ली अर्धी फिरवून थांबायचं, डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझला की मग स्टार्टर मारायचा, ते याच्यासाठी. कॅनडा किंवा स्कँडिनेव्हियासारख्या ठिकाणी तर रात्रभर विजेवर इंजिन कोमट ठेवायचे हीटर असतात. रुडॉल्फने टाळलेला तो बाहेरचा विस्तव असा मागल्या दाराने परत आला.

फार थंडीत डिझेलचंच काहीतरी होतं. त्यात मेणाचा अंश असतो. आपलं खोबरेल हिवाळ्यात बाटलीत गोठतं तसं ते गढूळ होतं, दाट होतं आणि फिल्टर चोंदतो. लडाखमध्ये ट्रकच्या टाकीखाली शेगडी ठेवून डिझेल पातळ करण्याची वेळ ड्रायव्हरांवर यायची. जिवाशी खेळच तो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं.

मग महाराष्ट्रातल्या थंडीत गाडी किती वेळ गरम करायची? नव्या इंजिनाला अर्धा-एक मिनिट, फार तर दोन-तीन मिनिटं पुरतात. तेल वरपर्यंत पोचलं की पुरे. टर्बो असेल तर ते तेल पोचायच्या आत जोरात अ‍ॅक्सिलेटर दाबायचा नाही. त्यापुढे जागेवर उभं राहून काही मिळत नाही, उलट कार्बन साठतो आणि न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पहिले काही किलोमीटर हळू चालवलं की इंजिन कामानेच तापतं. एसटी आणि ट्रक थांबतात त्याला मात्र आणखी एक कारण आहे. त्यांचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभरात टाक्यांमधला दाब उतरला असेल तर तो भरेपर्यंत गाडी काढणं धोक्याचं. म्हणजे पहाटे ड्रायव्हर थांबतो तो काही नुसता चहासाठी नाही.

राहता राहिलं रुडॉल्फचं छोटं इंजिन. ते झालं, पण त्याच्यानंतर आणि त्याच्या देशापासून लांब. १९३३ मध्ये जपानमध्ये यानमार कंपनीच्या मागोकिची यामाओका यांनी शेतकऱ्याला परवडेल असं छोटं डिझेल इंजिन तयार केलं. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि विहिरीवरच्या मोटेची जागा इंजिनाने घेतली. ज्यांनी हिवाळ्यात सकाळी ते इंजिन हँडल मारून सुरू केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. खटका उचलून धरायचा, दम लागेपर्यंत चाक फिरवायचं आणि वेग आला की खटका सोडायचा. चाक सावकाश फिरलं तर दाबलेली हवा गार लोखंडात ऊब गमावते आणि इंजिन धरत नाही. म्हणून एक जण हँडलला आणि दुसरा खटक्याला.

हे यामाओका रुडॉल्फला इतके मानायचे की १९५७ मध्ये त्यांनी ऑग्सबर्गच्या विटेल्सबाख बागेत त्याचं स्मारक उभारून दिलं. ज्या शहरात बारा वर्षांचा पोरगा एकटा आला आणि जिथे त्याचं इंजिन पहिल्यांदा एक मिनिट फिरलं, तिथेच. रुडॉल्फची कबर कुठेच नाही. त्या बागेत त्याच्या नावाने मोठाले दगड उभे आहेत, जपानहून आणलेले.